चाखणकरांचा अभिप्राय

चाखणकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. कचेरीतल्या टवाळ मंडळींनी ते लावलं, आणि ज्याला लावलं त्याला ते इतकं आवडलं की खरं आडनाव फक्त पाकिटावरच्या पत्त्यापुरतं उरलं. नोकरी वजनमापं तपासायची. आज या शहरातले दुकानांचे तराजू, पुढच्या आठवड्यात त्या शहरातले पेट्रोलपंप, असं सगळं आयुष्य फिरतीवर गेलं. फिरतीवरची माणसं संध्याकाळी पत्ते खेळतात, सिनेमे बघतात, काही नाही तर झोपतात. चाखणकर खात. खात म्हणजे, त्यांच्या शब्दांत, शहर समजून घेत.

त्याचीही एक पद्धत होती. गाडीतून उतरलं की आधी कॉफी. ती तीन ठिकाणी: एक उभ्याने, एक बसून, आणि एक अशा जागी की जिथे दाराला पाटी नाही. "शहराची नाडी कॉफीत लागते," असं ते म्हणत, आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तर पुन्हा म्हणत. मग जेवण. एका जागी रस्सा, दुसऱ्या जागी पाव, गोड खायला तिसऱ्याच गल्लीत. कुठेही पूर्ण खायचं नाही. अर्धं खायचं, अर्धं ठेवून उठायचं. सगळं खातो तो भुकेला आणि अर्धं ठेवतो तो जाणकार, हा त्यांचा सिद्धांत. खिशात रुमालात गुंडाळलेला स्वतःचा चमचा, कारण परक्या चमच्याला म्हणे परक्यांची चव लागलेली असते. आणि निघताना मालकाला गाठून अभिप्राय द्यायचा. कुणी मागितला नसला तरी. खरं तर कुणी मागितला नसला की जास्तच.

"तुमच्या रश्शात घाई आहे," असं ते एखाद्याला सांगत. दुसऱ्याला सांगत, "कॉफी चांगली आहे हो, पण तिचा स्वतःवर विश्वास नाही." मालक लोक निमूट ऐकून घेत. चाखणकरांना वाटे, जिभेचा दरारा आहे. त्यांच्या वरच्या खिशातून तपासनिसाचं ओळखपत्र बाहेर डोकावत असे आणि मालकाच्या मागेच त्याचा तराजू असे, हा भाग ते घरी सांगत नसत.

घरी बाकी सगळं सांगत. संध्याकाळी शेजारी जमले की परगावच्या एका उकडलेल्या अंड्यावर ते चहा गार होईपर्यंत बोलत. आत स्वयंपाकघरात त्यांची बायको ते ऐकत रात्रीचं करायला घेई. तिने केलेलं ते जेवत, पेपर वाचता वाचता, नळाखाली बादली भरते तसे. वाईट झालंय असं कधी म्हणाले नाहीत. चांगलं झालंय असंही नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने एकदा विचारलं होतं, "कशी झालीय?"

"काय?" पेपर खाली आला.

"भाजी."

"झालीय ना," ते म्हणाले आणि पेपर वर गेला.

त्यानंतर तिने विचारायचं सोडून दिलं. पण अंड्याचं कौतुक कानावर पडलं की तिच्या अंगाचा तिळपापड होई. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा वापरून वापरून झिजला, तरी वळसा काही संपत नव्हता. माणूस रागावून रागावून किती रागावणार? पुढे पुढे तिने स्वतःची समजूत घातली की यांना घरचं काही कळतच नाही. आंधळ्याला रंग विचारू नयेत. या समजुतीवर तिने संसार तडीस नेला, मुलीचं लग्न केलं, नवऱ्याची निवृत्तीही झेलली. निवृत्त झाल्यावरही चाखणकरांची फिरती थांबली नव्हती. आता तराजूचं निमित्त गेलं होतं, एवढाच फरक.

मग मुलीचं बाळंतपण आलं आणि बायको मुलीच्या शहरी गेली. मुलगी राहायची त्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खानावळ होती. मालकाने उभं आयुष्य बस चालवलेली, म्हणून त्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. त्याची स्वयंपाकीण न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. त्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या रश्शाचा वास आला, तेव्हा ड्रायव्हर हातात रिकामं पातेलं घेऊनच वर चढला.

"ताई, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. पण खाली माणसं बसलीत. आजचा दिवस सांभाळा."

आजचा दिवस म्हणता म्हणता आठवडा झाला, आठवड्याचे महिने झाले. बाळाची अंघोळ उरकली की ती खाली उतरे, अॅप्रन बांधे आणि भट्टीपाशी उभी राही. स्वयंपाकघर आणि जेवायची खोली यांच्यामध्ये भिंतीत एक खिडकी होती, ताटं सरकवायची. एकदा त्या खिडकीतून शेजारच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी डोकं आत घातलं.

"आजचा रस्सा कुणी केला?"

"का हो? काय झालं?"

"झालं काही नाही. अजून आहे का?"

तिने वाढून दिला, आणि मग कांद्याच्या पोत्यांमागे जाऊन पोटभर रडली. साठीला आलेली बाई, एका दंतवैद्याच्या चार शब्दांनी रडली. हसायचं तर हसा. पण जे घरात उभ्या जन्मात मिळालं नाही ते खिडकीतून मिळालं, की आधी डोळ्यांत पाणीच येतं. पिकतं तिथे विकत नाही, हे तिला भाजीबद्दल ठाऊक होतं. स्वतःबद्दल आता कळलं.

इकडे चाखणकरांचे फोन सुरू झाले. बाळ कसं आहे, तू कधी येतेस, माझ्या चष्म्याचं घर कुठे ठेवलंयस, या क्रमाने. तू दिवसभर काय करतेस हे त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून तिनेही सांगितलं नाही. शेवटी त्यांनीच कळवलं की मी रविवारी न्यायला येतो, संध्याकाळच्या गाडीची दोघांची तिकिटं काढली आहेत.

"जाऊ नकोस," मुलगी म्हणाली. "इथे तुला बरं वाटतंय. ड्रायव्हरकाकाही तेच म्हणतात."

आईने बाळाचे कपडे घडी करता करता उत्तर शोधलं. "तुझे बाबा गाडीतून उतरले की आधी खाणार, मग आपल्याकडे येणार. त्यांना खालच्या खानावळीचं सांग. माझं मात्र काही सांगू नकोस. त्यांनी माझा हात ओळखला, तर मी मुकाट्याने बॅग भरते. नाही ओळखला, तर राहते."

"आई, हा काय पोरखेळ?"

"इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंय त्यांनी. जीभ एवढी मोठी, तर तिला हे तरी कळायला हवं."

बोलता बोलता तिने घडी घातलेलंच झबलं उलगडून पुन्हा घडी घातलं, आणि मुलीच्या लक्षात आलं की आईला राहायचं नाहीये. आईला हरायचंय. त्यांनी एकदाचं ओळखावं, म्हणजे परत जायला जीव होईल.

रविवारी सकाळी मुलीने फोन लावला. "बाबा, पोचलात?"

"गाडीतून उतरलोय. पोचलो असं नाही म्हणता येणार," चाखणकर म्हणाले. "दोन कॉफ्या झाल्या. इथले लोक दूध उकळतात, पण मनापासून नाही."

"आमच्या खाली एक खानावळ आहे. लोक लांबून येतात."

"पाटी आहे?"

"नाही."

"मग येतो," ते म्हणाले. मासा गळाला लागला.

ते आले तेव्हा खानावळ भरलेली होती. खिडकीजवळचं एक टेबल ड्रायव्हरने मुद्दाम अडवून ठेवलं होतं. त्याला सगळं सांगितलेलं होतं आणि तो बसचा ब्रेक निकामी झाल्यासारखा घामाघूम झाला होता. खिडकी होती बुटकी. आतून तिला नवऱ्याची छाती, कोपर आणि रुमालातून निघणारा चमचा एवढंच दिसत होतं. तिने घरी करायची तस्साच रस्सा केला होता. कांदा जरा तळाला लागू द्यायचा, खमंग करपट वास आला की पाणी घालायचं, आणि लिंबू अगदी शेवटी, पातेलं उतरवल्यावर. ताट तिने स्वतः सरकवलं.

चमचा वर गेला. वरच थांबला.

तिने वाकून पाहिलं. चाखणकरांचे डोळे मिटले होते. मग दुसरा चमचा, मग तिसरा, आणि मग तो माणूस चमचा बाजूला ठेवून पाव मोडून चक्क हाताने जेवायला लागला. ताट पुसून घेतलं. काही शिल्लक ठेवलं नाही. ड्रायव्हरने गल्ल्यावरून तिला अंगठा वर करून दाखवला. बॅग पलंगाखाली आहे, बाळाला शेवटचं न्हाऊ घालून निघता येईल, इथपर्यंत तिचा विचार पोचला. खूप आनंद झाला होता तिला, लपवायचं कशाला?

चाखणकर उठले. चमचा पुसला, रुमालात गुंडाळला, आणि गल्ल्यापाशी गेले.

"मालक, एक सांगू?"

"सांगा की!"

"या रश्शात कांदा तळाला लागू दिलाय. चुकून नाही, मुद्दाम. आणि लिंबू खाली उतरवल्यावर पिळलंय. बरोबर?"

"अगदी बरोबर!"

"हा हात मी ओळखतो. हुबेहूब आमच्या घरच्यासारखं आहे. आमची ही अस्संच करते. लग्न झाल्यापासून करतेय, कणभर फरक नाही."

ड्रायव्हर खुर्चीतून अर्धा उठला. "साहेब, मग याहून मोठं कौतुक कुठलं?"

"कौतुक?" चाखणकरांनी भुवया उंचावल्या. "तक्रार आहे ही! माणूस एवढा प्रवास करून शहरात येतो, तो घरच्यासारखं खायला? घरच्यासारखं घरी मिळतं. बसल्या जागी मिळतं, न मागता मिळतं. शहराने काहीतरी वेगळं द्यायला हवं. तुमच्या बाईंना सांगा, हात चांगला आहे. पण रोजचा आहे."

शेजारच्या टेबलावर एक नर्स घास हातात धरून बघत राहिली. रस्त्यावरच्या शिव्या ऐकण्यात ड्रायव्हरची हयात गेली होती, पण हे ऐकून तो मटकन पुन्हा खुर्चीत बसला. आतलं दार उघडलं आणि ताई बाहेर आली. हात ओले, अॅप्रनला पिठाचे डाग.

"अगं!" चाखणकर म्हणाले. "तू इथे? जेवायला आलीस? आधी सांगायचं नाही का, एकच ताट दोघांत घेतलं असतं."

त्यांची नजर हळूहळू अॅप्रनवर गेली, तिथून खिडकीवर, तिथून आतल्या पातेल्यावर. दुसरा कुणी असता तर त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं असतं. चाखणकरांचा चेहरा उजळला.

"म्हणजे मी ओळखलं की नाही!" ते ड्रायव्हरकडे वळले. "पाहिलंत? पहिल्या घासाला! याला म्हणतात जीभ."

"ओळखलंत," ती म्हणाली.

दारात मुलगी बाळाला घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "आई, तू म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. चुकीचं म्हणाले." तिचा आवाज मोठा नव्हता, पण खोलीतले चमचे थांबले होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. "मला इतकी वर्षं वाटायचं, यांना कळतच नाही, म्हणून बोलत नाहीत. त्यावर मी दिवस काढले. यांना सगळं कळत होतं गं. कांदा कधी लागू देते, लिंबू कधी पिळते, सगळं. कळत होतं आणि तोंडातून एक शब्द काढावासा वाटला नाही."

"अगं, पण मी हात चांगला आहे असं म्हणालो की," चाखणकर म्हणाले. "बाईंना द्यायच्या निरोपात पहिलं वाक्य तेच होतं."

"ते स्वयंपाकिणीला म्हणालात."

"मग ती तूच ना?"

"हो. ती राहतेय इथेच. तुम्ही या जाऊन."

चाखणकरांनी मुलीकडे पाहिलं, मुलीने बाळाकडे. त्यांनी घड्याळ पाहिलं, गाडीला अजून अवकाश होता. त्यांना खरंच काही समजेना, आणि जे सगळ्यात आधी मनात आलं ते बोलून मोकळे झाले. "पण मग माझ्या जेवणाचं काय?"

नर्स हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. पलीकडे जेवत बसलेल्या दातांच्या डॉक्टरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तुम्हाला काय कमी आहे?" बायको म्हणाली. "एवढी शहरं पडलीत."

चाखणकर गेले. वर मुलीच्या घरी जाऊन थोडा वेळ बसले, नातवाचा पापा घेतला आणि गाडीच्या बऱ्याच आधी स्टेशनवर जाऊन बसले. खाली गर्दी ओसरल्यावर त्यांच्या बायकोने स्वतःसाठी ताट वाढून घेतलं आणि बाहेर टेबलापाशी खुर्ची ओढून बसली. जेवता जेवता तिला रडू आलं. ती रडली आणि जेवलीही.

ड्रायव्हरने समोर पाण्याचा पेला ठेवला आणि जरा घुटमळला. "ताई, उद्याचं काय करायचं?"

तिने तोंडातला घास संपवला, पदराने नव्हे, अॅप्रनने डोळे पुसले आणि सांगितलं, "भोपळा आणून ठेवा. सूप करू."