फाटकावरची हाक

आमच्या आयोवातल्या गावात तार आली की बायका आधी रडायला बसायच्या, मग पाकीट फोडायच्या. दिवसाची तार म्हणजे मरणाचीच बातमी. रात्रीची तार मात्र सगळ्यांची लाडकी. दिवसाच्या दहा शब्दांच्या पैशात पन्नास शब्द मिळायचे. दिवसाचं काम संपून तारा मोकळ्या झाल्या की ती रात्री निघायची आणि सकाळी घरी पोचायची. पैसे भरलेच आहेत म्हणून लोक शेवटी शेजाऱ्याच्या गाईचीसुद्धा खुशाली विचारायचे.

रेल्वे स्टेशनातला तारबाबू ऑर्विल टिबेट्स ती तार स्वतः उतरवून घ्यायचा आणि स्वतःच पोचवायचा. कुणी उगाच घाबरू नये म्हणून फाटकापासूनच ओरडायचा, "रात्रीची आहे हो, रात्रीची!" आम्ही त्याला कोंबडा म्हणायचो. तोही हसायचा.

लविनामावशीची मुलगी एडना आणि मुलगा वॉल्टर दोघंही दूर ओरेगॉनला. वॉल्टर लाकूडतोडीवर होता. एडनाची तार आली की मावशी ऑर्विलला कॉफी पाजायची आणि ती त्याच्याकडूनच वाचून घ्यायची. "वाचता येतं रे मला, पण तुझ्या तोंडून बरं वाटतं."

त्या वर्षी पानगळीत वॉल्टर झाडाखाली सापडून गेला. एडनानं रात्रीचीच तार केली. पोरगा गेला हे आईला दहा शब्दांत कसं सांगायचं? मी तिला दोष देत नाही.

सकाळी मी, गावचा न्हावी, मावशीच्या घरासमोर माझ्या दुकानाची पायरी झाडत होतो. ऑर्विल मावशीच्या फाटकाशी येऊन थांबला. तोंड उघडलं, मिटलं. नेहमीची हाक काही त्यानं मारली नाही. टोपी काढून तो आत गेला. मावशी खिडकीत होती. त्याला तसं येताना पाहूनच ती काय ते समजली.

पुढे एकदा माझ्या दुकानाच्या दारात तिनं त्याला गाठलं.

"हाक का नाही मारलीस?"

"खोटं कसं ओरडू, मावशी?"

"खोटं कसलं? रात्रीचीच होती ना? ओरडला असतास, तर दार उघडेपर्यंत तरी माझा वॉल्टर जिवंत राहिला असता. कॉफी ठेवली होती रे मी तुझ्यासाठी."

 मला ऑर्विलची फार दया आली, आणि तिचीही.

त्यानंतर रात्रीच्या तारेत काहीही असो, तो प्रत्येक फाटकावर ओरडायचा. गावाला ते लवकरच कळलं. तरी हाक आली की आम्ही सगळेच दार जरा सावकाश उघडायचो.