हॅटी मावशीचं तिसरं इंजिन

हॅटी मावशी कुणाची, असं ऑरिन टीगला कुणी विचारलं असतं, तर त्याने जराही न अडखळता 'माझी' म्हटलं असतं. सरकारदरबारी ते चार इंजिनांचं अवजड बॉम्बफेकी विमान अमेरिकन सैन्याचं होतं आणि ते उडवायला दहा जणांची टोळी नेमलेली होती. पण इंग्लंडच्या पूर्वेकडच्या त्या चिखलात असल्या तपशिलाला कुणी विचारत नसे. जमिनीवरच्या माणसांच्या मते विमान मेकॅनिकचं. पायलट ते सकाळी मागून नेतो आणि दुपारी भोकं पाडून परत आणतो. तिला आपल्या मावशीचं नाव देणारा पहिला पायलट नेमलेल्या मोहिमा पुऱ्या करून सुखरूप घरी गेला होता. मावशी मागे राहिली, आणि ऑरिनही.

ऑरिन टेनेसीच्या डोंगरातला. युद्धाआधी लाकडाच्या वखारीतले ट्रक दुरुस्त करायचा. चाळिशीला टेकलेला होता आणि तुकडीतली निम्मी पोरं त्याच्या डोळ्यांदेखत दाढी करायला शिकली होती, म्हणून सगळे त्याला म्हातारा म्हणत. मावशी जिथे उभी राही त्या सिमेंटच्या गोल चौथऱ्याशेजारी त्याने बॉम्बच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून एक खोपटं उभारलं होतं. आत वापरलेल्या तेलावर जळणारी शेगडी, तिच्यावर कायमची काळी कॉफी. बराकीत त्याची खाट होती, पण तो खोपट्यातच झोपायचा. बायको असती तर तिने कधीच हाकलून दिलं असतं, असं त्याचा मदतनीस साल बोनेली म्हणायचा. साल न्यूअर्कचा होता आणि त्याचं तोंड मावशीच्या चारही इंजिनांपेक्षा जास्त चालायचं.

त्यांचा दिवस ठरलेला होता. पहाटे बॉम्ब चढायचे, मग पेट्रोल, मग बंदुकांच्या गोळ्या. ऑरिन एकेक इंजिन सुरू करून पंखाखाली मान वाकडी करून उभा राहायचा आणि ऐकायचा. डोळ्यांपेक्षा त्याचा कानावर जास्त विश्वास होता. इंजिनाला सर्दी झाली तरी म्हाताऱ्याला कळतं, असं लोक कौतुकाने म्हणत, आणि ते ऐकताना तो मुद्दाम दुसरीकडे बघत असे. मग ट्रकमधून उडणारी पोरं यायची, एकामागून एक विमानं उठायची, आणि माळ एकदम रिकामा व्हायचा. त्यानंतर मागे राहिलेल्यांनी कपडे धुवायचे, चेंडू खेळायचा, झोपा काढायच्या. दुपारी मात्र सगळ्यांना काही ना काही निमित्त काढून बाहेर यावंसं वाटायचं, आणि आलेला प्रत्येक जण पूर्वेकडेच तोंड करून उभा राहायचा.

त्या फेब्रुवारीपर्यंत मावशी कधीही अर्ध्या वाटेतून परतली नव्हती, हा ऑरिनचा अभिमान होता. बिघाडामुळे विमान माघारी फिरलं तर त्या तुकडीत एक रिवाज होता. बिघाड सापडला, तर ती माघार मेकॅनिकच्या नावावर. सापडला नाही, तर पायलटच्या. रिवाज कुणी लिहून ठेवला नव्हता, पण जेवणाच्या रांगेत त्याची अंमलबजावणी फार कडक होत असे.

लेफ्टनंट एमेट होल्म हा पहिल्यानंतर आलेला मावशीचा पायलट. मिनेसोटाचा, उंच, हडकुळा, आणि बोलायला इतका कंजूस की साल म्हणायचा, याचे शब्दही रेशनवर मिळतात. फेब्रुवारीत तो पहिल्यांदा माघारी फिरला. वीस हजार फुटांच्या वर तिसरं इंजिन खोकतं, एवढंच त्याने सांगितलं. ऑरिनने इंजिन चालवून पाहिलं. ते ठणठणीत होतं. तरी त्याने सगळे प्लग बदलले आणि पुन्हा पाहिलं. त्या माघारीच्या आदल्याच आठवड्यात होल्मने शेजारून उडणारं एक विमान हवेत फुटताना बघितलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑरिनने कॅप्टन रस्कला सांगितलं, इंजिनात काही नाही. रस्क दुरुस्ती विभागाचा प्रमुख होता. त्याने मान डोलावली, पुढचं काही विचारलं नाही.

दहाएक दिवसांनी होल्म पुन्हा परतला. तेच इंजिन, तीच उंची, तोच खोकला. या वेळी ऑरिनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला भुकटीच्या अंड्यांच्या रांगेत कुणीतरी मावशीच्या तब्येतीची चौकशी केली, तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"माझं इंजिन खोकत नाही. त्याच्यावरचा हात थरथरतो."

रांग खदखदून हसली. संध्याकाळपर्यंत हे वाक्य अख्ख्या तळावर फिरलं, आणि कुणीतरी ऑफिसरांच्या मेसमध्ये होल्मच्या ताटाशेजारी खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवली. होल्मने ती बाजूला सरकवली आणि जेवण संपवलं, असं साल सांगत आला. एरवी अशा गोष्टीत तो मीठमसाला घालायचा. त्या दिवशी घातला नाही.

चार दिवसांनी कॅप्टन रस्क जीप थांबवून खोपट्यापाशी आला. ऑरिनच्या नावाची पदकासाठी शिफारस झाली होती. मावशी एकदाही मेकॅनिकच्या चुकीने फिरली नाही, हे वरच्यांनी पाहिलं होतं. होल्मचं मात्र आता कठीण आहे, असंही रस्क बोलता बोलता म्हणाला. आणखी एकदा विनाकारण फिरला तर त्याला उड्डाणावरून काढतील, पोरं दुसऱ्या विमानांवर वाटून टाकतील, आणि भित्रा हा शिक्का घेऊन तो घरी जाईल. ऑरिनने पदकाबद्दल आभार मानले. जीप गेल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि का नाही हे शोधायचंही त्याने टाळलं.

त्याच दुपारी होल्म सायकलवरून आला. सायकल चिखलात आडवी टाकून तो तिसऱ्या इंजिनाखाली उभा राहिला, वर बघत.

"सार्जंट, तुम्हाला यात खरंच काही सापडलं नाही?"

"नाही, सर."

"बरं." त्याने इंजिनावरून नजर काढली. "उद्या बहुधा जायचंय. मी तुम्हाला एवढंच सांगायला आलो की आता मी परत फिरणार नाही. ते खोको, बंद पडो, पेटो. तुमच्या विमानाचं नाव माझ्यामुळे पुन्हा खराब होणार नाही."

त्याच्या बोलण्यात कुठे राग नव्हता, आणि ऑरिनला तेच सोसवेना. राग असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. होल्मने सायकल उचलली, चाकाचा चिखल बुटाने खरवडला आणि निघून गेला.

शेजारचा चौथरा दुसऱ्या एका मेकॅनिकचा, गस व्हॅनेकचा होता. जानेवारीपासून तो मोकळा होता. गसचं विमान गेलं ते आलंच नाही आणि नवीन अजून मिळालं नव्हतं, तरी गस रोज तो चौथरा झाडायचा. त्याची थट्टा करायची कुणाची छाती नव्हती. त्या संध्याकाळी ऑरिन कॉफीचा डबा घेऊन त्याच्याकडे गेला आणि होल्मचं बोलणं त्याला सांगितलं. गसने झाडू बाजूला ठेवला.

"माझ्या पायलटनेही तक्रार केली होती. दोन नंबरचं इंजिन तेल फेकतं म्हणून," तो म्हणाला. "मी बघितलं. कोरडं ठाक होतं. मी त्याला म्हटलं, पोरा, तेल इंजिनातून नाही गळत, तुझ्या कपाळावरून गळतंय."

"मग?"

"मग काय. तो हसला. पुन्हा कधी तक्रार केली नाही त्याने."

ऑरिनने कॉफीचा डबा त्याच्यापुढे धरला.

"लेका, लोक मला सांगतात, तोफेनेच पडलं असेल. असेलही. पण मला कधी कळणार नाही ना. ते दहा जण तिकडे, आणि मी इथे झाडत बसलोय." गसने कॉफी घेतली, पण प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोहीम होतीच. ऑरिनने तिसरं इंजिन सुरू केलं आणि पंखाखाली उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो इंजिन खोकावं म्हणून कानात प्राण आणून ऐकत होता. एकदा खोकलं असतं, तरी त्याने मावशीला जागची हलू दिलं नसतं. मेकॅनिकने नाही म्हटलं की विमान उडत नाही, तिथे कर्नलचंही चालत नाही. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि इंजिन तर अवखळ पोरीसारखं गात होतं. ऑरिनला पहिल्यांदाच त्याचा राग आला.

पोरांचा ट्रक आला. होल्म सर्वांत शेवटी उतरला. ऑरिन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, आणि बाकीची नऊ पोरं ऐकताहेत हे पाहूनच बोलला.

"सर, ते खोकलं तर परत या."

"काही सापडलं का?"

"नाही. आत्ता बघितलं, चांगलं आहे."

"मग कशाला परत येऊ?"

"कारण माझा कान इथे खाली आहे. तुम्ही वर असता. तिथे ते काय करतं मला माहीत नाही, सर. मला माहीत आहे असं मी म्हणत राहिलो. रांगेत बोललो तेही मी बोलायला नको होतं."

साल तोंड उघडं टाकून बघत होता. होल्मने हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पोटाखालच्या दारातून आत शिरला, आणि थोड्याच वेळात मावशी रांगेत लागून, शेवटी कुंपणाच्या झाडांवरून जेमतेम वर उठून दिसेनाशी झाली.

मागच्या दोन्ही वेळी ती जेवणाच्या आधी परतली होती. ऑरिन चौथऱ्यावरून हलला नाही. इतर मेकॅनिक चेंडू खेळत होते. एखादं विमान लवकर यावं असं त्यांच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं, कारण लवकर येणं ही नामुष्की. या माणसाचा मात्र जीव त्याच नामुष्कीसाठी टांगणीला लागला होता. जेवणाची वेळ झाली. साल येऊन म्हणाला, चीफ, आज सुक्या अंड्यांऐवजी खरं मटण आहे, चला. ऑरिनने हाताने त्याला जायला सांगितलं. जेवणाची वेळ उलटून गेली तरी आकाशातून काही आलं नाही. म्हणजे इंजिन चांगलं असेल, असं सालने समजावून पाहिलं. किंवा ते खोकत असेल आणि पोरगा आपला शब्द पाळत असेल, हे ऑरिनच्या मनात आलं. ते त्याने सालला सांगितलं नाही. शेजारी गसनेही झाडणं थांबवलं होतं.

आधी आवाज आला. ढग खाली होते, त्यामुळे दिसत काहीच नव्हतं. चेंडू खेळणारे थांबले. ऑरिनने मान वाकडी केली.

"तीनच," तो सालला म्हणाला. "तीनच इंजिनं आहेत. आपलीच आहे."

आणि तो हसला. इतकं मोकळं हसताना सालने त्याला कधी पाहिलं नव्हतं. मावशी ढगातून खाली आली, तेव्हा तिसऱ्या इंजिनाचा पंखा थांबलेला होता. ती धापा टाकत चौथऱ्यावर येऊन उभी राहिली. एकेक करून दहाही पोरं खाली उतरली. होल्मच्या चेहऱ्यावर ऑक्सिजनच्या मुखवट्याचा लाल वळ होता आणि ओठ पांढरे पडले होते. ते समुद्रावर बरंच अलीकडे खोकू लागलं तेव्हाच फिरायला हवं होतं, पण आपण ओढत नेलं, असं तो ऑरिनला खालच्या आवाजात सांगत होता. शेवटी शत्रूचा किनारा दिसला आणि मग आपल्याच्याने पुढे जाववेना. बोलताना तो ऑरिनकडे न बघता जमिनीकडे बघत होता.

तेवढ्यात रस्कची जीप आली. तो उतरला तोच कपाळाला आठ्या घालून.

"लेफ्टनंट, आज काय झालं?"

होल्मने जमिनीवरची नजर उचलली नाही. आता आपलं कोण ऐकणार, हे त्याने मनाशी पक्कं धरलं असावं. त्याच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"इंजिन खराब आहे, सर," ऑरिन म्हणाला. "माघार माझ्या नावावर घाला. मागच्या दोन्हीही."

रस्कने वर पाहिलं. इंजिनावरचं झाकण तसंच बसवलेलं होतं, एकही स्क्रू हलला नव्हता.

"तू तर अजून हातही लावलेला नाहीस."

"नाही, सर."

"मग खराब आहे हे कशावरून सांगतोस? पंखा काय, पायलटलाही बंद करता येतो. तुझ्या पदकाचं काय होईल ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग कशावरून?"

"लेफ्टनंट म्हणतात म्हणून."

रस्कने त्याच्यावरची नजर होल्मकडे वळवली. मग तो जीपमध्ये बसला आणि गेला. होल्म मावशीच्या चाकाला टेकून खाली बसला, हातमोज्यात तोंड लपवून. ऑरिनने पोरांना खोपट्यात जाऊन कॉफी घ्यायला सांगितलं. मग सालकडून शिडी मागवली आणि झाकणाचा पहिला स्क्रू काढायला तो वर चढला.