वाटेतली खुर्ची

सासूबाई गेल्या आणि वर्षभरात सासऱ्यांची बायपास झाली. त्यांना पुण्यात एकटं ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही त्यांना, म्हणजे बाबांना, इथे जर्मनीत घेऊन आलो. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, रोज चाला, नाहीतर पाय जातील.

आमची वसाहत कुणाचीही दृष्ट लागावी अशी. रुंद फुटपाथ, दुतर्फा झाडं, स्वच्छ हवा. माणूस मात्र औषधाला नाही. दुकान, दवाखाना, शाळा, सगळं गाडीने. ज्याने कोणी ही वसाहत कागदावर आखली त्याचे गुडघे शाबूत असणार, कारण अख्ख्या रस्त्याला टेकायला एक बाक नाही. पुण्यात बाबा थोडं चालायचे, कट्ट्यावर बसून गप्पा मारायचे, मग पुढे निघायचे. "हे चालणं आहे की बसणं?" असं आम्ही चिडवायचो.

इथे बसायला मिळायचं ते फक्त बसच्या थांब्यावर. बाबा तिथे टेकले की येणारी बस थांबायची, दार उघडायचं, ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत राहायचा. "अगं, माझ्यापायी अख्खी गाडी खोळंबते. बरं दिसत नाही ते," म्हणाले आणि जायचेच बंद झाले.

मला असा संताप आला! पण काढायचा कुणावर? स्वयंपाकघरातली एक लाकडी खुर्ची उचलली आणि अर्ध्या वाटेवर झाडाखाली नेऊन ठेवली. बाबा लाजले, पण गेले. तिथे बसून त्यांनी मला फोन केला, "पोचलो गं. छान वाटतंय इथे." त्या दिवशी ऑफिसात मी उगीचच खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी खुर्ची गायब. परत यायचं त्राण नव्हतं म्हणून बाबा फुटपाथच्या कडेला जमिनीवरच बसले. मी गाडी घेऊन पोचले तर म्हणाले, "इथली माणसं थकतच नाहीत का गं?"

घरी मी चोराला शिव्या घालत होते. आमची लेक जर्मनमध्ये म्हणाली, "माम्मा, चोरी कसली? रस्त्यावर ठेवलं की ज्याला हवं त्याने न्यायचं असतं." खरंच होतं ते. आमच्या दिवाणखान्यातला दिवा आम्ही असाच तर उचलून आणला होता.

दुसरी ठेवते, वर चिठ्ठी लावते, म्हटलं. "पुरे आता," म्हणाले बाबा, आणि खिडकीशी बसले ते बसलेच. हिवाळ्यात काठी आली, मग वॉकर, मग तोही कोपऱ्यात गेला.

परवा पलीकडच्या गल्लीत ती खुर्ची दिसली. कुणाच्या तरी अंगणात, उन्हात, वर फुलांची कुंडी. बेल वाजवून मागितली असती तर त्यांनी हसत परत दिली असती. मी तशीच पुढे निघाले. बाबांना बाथरूमला न्यायची वेळ झाली होती आणि त्याला आता आम्ही दोघं लागतो.