आईच्या कपाळावरची कोरी जागा

परवा सोनपेठला देवीच्या मंदिराच्या सभागृहात आमच्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. त्याच दिवशी, त्याच सभागृहात माझी चित्रंही लागली होती... कल्पना माझीच.

मुलगा पुण्यात असतो. तो म्हणत होता, "आई, इकडच्या गॅलरीत लावू, तिकडे कोण बघणार?" मी म्हटलं, ज्यांची काढलीत त्या बघतील. बाजारात भाजी विकणाऱ्या, एसटीची वाट बघणाऱ्या, शेळ्यांमागे फिरणाऱ्या... त्या काय पुण्याला येणार आहेत?

फ्रेम वगैरे काही केलं नव्हतं. खांबांना दोऱ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रं टांगली. सगळ्यात मोठं चित्र माझ्या आईचं. ते मधल्या खांबावर लावलं, उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

वडील गेले तेव्हा मी कॉन्व्हेंटच्या होस्टेलला होते आणि आई जेमतेम तिशीची. पुढे दर संक्रांतीला घरी आले की दिसायचं, माझ्या चुलतीच्या हळदीकुंकवाची सगळी तयारी आईच करायची. तीळ भाजायची, हरभरा सोलायची, वाणाच्या वाट्या लखलखीत पुसून ठेवायची... आणि बायका यायला लागल्या की मागच्या खोलीत जाऊन बसायची. तिला कोणी 'जा' म्हणायचं नाही. म्हणावंच लागायचं नाही.

चित्रात ती तशीच आहे. मागच्या खोलीच्या दारात बसलेली, मांडीवर तिळगुळाचं ताट, नजर बाहेरच्या हसण्या-बोलण्याकडे.

आमच्या ड्रॉइंगच्या सिस्टर सांगायच्या, वॉटरकलरमध्ये पांढरा रंग लावायचा नसतो. उजेड हवा असेल तिथे कागद कोरा सोडायचा. आईचं कपाळ मी कोरं सोडलंय... तिथे उजेड पडलाय.

मंडळाच्या अध्यक्षा सुमनवहिनी सकाळीच आल्या आणि त्या खांबापाशी थबकल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या आमच्या शेजारी, आई होती तेव्हा तिला चांगलं ओळखायच्या.

"विजूताई, बाकीचे लय भारी हायत बगा. पर काकूंचं... हळदीकुंकवाच्या दिवशी असं समोर? बाया नावं ठेवतील. कार्यक्रम होईस्तोर आत, मागच्या खोलीत ठेवू की. न्हाईतर एक टिकली काढा, तुमाला काय, दोन मिनटाचं काम."

मागच्या खोलीत... मला हसूच आलं.

"वहिनी, त्या खोलीतून तिला बाहेर आणायलाच तर हे चित्र काढलं. आणि टिकली मी काढणार नाही. मी तिला अशीच पाहिलीय."

वहिनी वाणाच्या टेबलाकडे वळल्या, पण चेहरा उतरला होता. खरं सांगते, चित्र हलवायचं नाही हे माझं पक्कं होतं. तरी वाटत होतंच... बायकांनी आजही तिच्याकडे पाठ फिरवली तर?

दुपारी बायका आल्या आणि सभागृह गजबजलं. "आगं, ही तर आपली काळी शेळी! कान बग की तिचा!" म्हणून एकीने सगळ्यांना गोळा केलं. दुसरीने मला विचारलं, "इकायलेत का ओ ताई?"

"नाही हो."

"मग कशापायी काढायलात एवढी?"

मी नुसतीच हसले.

आईच्या चित्रापाशी मात्र बायका जरा थांबायच्या, हळू आवाजात काहीतरी बोलायच्या आणि पुढे सरकायच्या. मी लांबून बघत होते.

हळदीकुंकवाचं ताट अश्विनीच्या हातात होतं. राणीसावरगावची पोर, यंदाच लग्न होऊन आमच्या गल्लीत आलेली. तिला आईची काहीच माहिती नव्हती. एकेकीला हळदीकुंकू लावत ती खांबापर्यंत आली, चित्राकडे बघून हसली. "ह्या मावशी राहिल्याच की!" म्हणाली आणि आईच्या कपाळावर हळद लावली, कुंकू लावलं. थेट कागदावर.

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

"आगं येडे, त्यांना कशाला... त्या तर..." कोणीतरी म्हणालं आणि मध्येच थांबलं.

अश्विनी रडकुंडीला आली. "चुकलं का ओ? पुसू का?" पदराचं टोक तिने हातात घेतलंसुद्धा.

"कुणी पुसायचं न्हाई!"

सुमनवहिनी होत्या. वाणाच्या टेबलामागून उठून त्या तरातरा खांबापाशी आल्या. "हळदीकुंकू लावलं ना? मग वाण कुणी द्यायचं? बाईला काय रिकाम्या हातानं पाठवायलाव का?"

त्यांनी स्टीलची एक वाटी घेतली, तिच्यात तिळगूळ घातला आणि वाकून खांबाच्या पायाशी ठेवली. "घ्या, काकू," एवढंच म्हणाल्या. मग मागची बाई पुढे आली, तिने वाटीशेजारी दोन बोरं ठेवली. तिच्या मागच्या बाईने उसाचं कांडं. माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं, पण मी तिथून हलले नाही.

सकाळी मी टिकली काढली असती तर ती खोटी ठरली असती. अश्विनीने लावलं ते खरं होतं, कारण तिला तिथे चित्र दिसलंच नाही... रांगेत राहून गेलेली एक बाई दिसली.

'कशापायी काढायलात' याचं उत्तर मला आता देता येईल. आपल्याकडून जे भरून निघत नाही, तेवढी जागा आपण कोरी सोडतो आणि चित्र माणसांत नेऊन टांगतो... कोणाचं तरी बोट तिथे पोचेल म्हणून.

कुंकू कागदात थोडं पसरलंय. मी ते तसंच काचेखाली बंद केलंय. ती वाटीही घरी आणलीय... वडील गेल्यानंतर आईला मिळालेलं हे पहिलं वाण.

अश्विनी, हे वाचत असशील तर ऐक... तुझं काहीही चुकलं नाही, पोरी.