खरकट्या हाताचं विमान
शेंगाचटणीचा खमंग वास आला की माझा अजूनही जळफळाट होतो. सात रस्त्याजवळच्या आमच्या खोलीत, घरघरणाऱ्या कूलरसमोर बसून मी सहा महिने लढाऊ विमानांचा ऑनलाइन गेम खेळत होतो, आणि शत्रूचं एकही विमान मला पाडता आलं नव्हतं. एका दुपारी सांगोल्याहून आलेला माझा मावसभाऊ चटणी-भाकरी खाता खाता म्हणाला, "मला बी दे की जरा." एकट्या डाव्या हातानं त्यानं विमान उडवलं, गरागरा फिरवलं आणि उतरवायला घेतलं, तेही चुकून शत्रूच्याच धावपट्टीवर. "चाकं बाहेर काढ! उजवीकडचं बटण दाब!" मी ओरडलो. स्पीकरवरून गेममधल्या आमच्या टोळीतले गडीही ओरडायला लागले. त्यानं तेलानं माखलेला उजवा हात उंच धरला. "दाबू कसं? हात खरकटा हाय की!" मी पुढं होईपर्यंत विमान पोटावर आपटलं, ठिणग्या उडवत घसरत गेलं आणि उड्डाणासाठी उभ्या असलेल्या शत्रूच्या विमानावर जाऊन धडकलं. दोन्ही विमानं जळून खाक झाली. माझ्या खात्यावर पहिला बळी लागला, तो असा. स्पीकरवर हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. "उद्यापासून त्यालाच बसव," एकजण म्हणाला. मी कीबोर्ड घासूनपुसून काढत राहिलो, खरं तर त्याला चटणीचा कणही लागला नव्हता. आता मला बऱ्यापैकी विमानं पाडता येतात. पण लग्नकार्यात पाहुणे जमले की फर्माईश होते ती त्याच्याच गोष्टीची, आणि तो कीबोर्ड माझा होता, हे दरवेळी मलाच सांगावं लागतं.