मोठे ब्रदर आणि एक जूनची मुलं

मोठे ब्रदर रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत असत. मी पावणेनऊला परळच्या ऑफिसात पोचायचो, तेव्हा ते पांढऱ्या झग्यात, हात मागे बांधून, माझ्या टेबलामागच्या भिंतीपुढे उभे असायचे. त्या दिवसाच्या चौकोनावर नजर लावून काहीतरी पुटपुटायचे, क्रूसाची खूण करायचे आणि वळून म्हणायचे, "परब, आजचे चार झाले. आता तू तुझं मशीन चालू कर." मशीन म्हणजे कॉम्प्युटर. चार कोण, कसले, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत एक आजोबा रोज नळाशी भांडायचे. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाने कॅलेंडरशी बोलण्यात मला काही विशेष वाटलं नाही.

मी त्या ब्रदर लोकांच्या संस्थेत हेडक्लार्क. ब्रदर म्हणजे फादर नव्हेत. ते चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, करत नाहीत, लग्नं लावत नाहीत, शाळा चालवतात. संसार सोडून आलेली माणसं, पण वह्या, फळे, गळकी छपरं आणि नापास मुलं यांचा त्यांचा संसार माझ्या संसारापेक्षा कितीतरी मोठा. संस्थेच्या काही शाळा मुंबईत आणि तीन पार उत्तरेकडच्या डोंगरात. मोठे ब्रदर मूळचे वसईचे, पण उभी हयात त्या डोंगरातल्या शाळांत हेडमास्तर म्हणून गेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांना परळला आणलं. ऑफिसचे प्रमुख ते छोटे ब्रदर. छोटे ब्रदर सहा फूट उंच होते आणि मोठे ब्रदर जेमतेम माझ्या खांद्याला लागत. नव्या माणसाचा पहिला आठवडा या घोटाळ्यातच जायचा.

मोठ्या ब्रदरांचा एक प्रश्न ठरलेला होता. "विचारलंस का?" मी खिडकी लावली, की विचारलंस का. सगळ्यांसाठी चहा सांगितला, की विचारलंस का. एकदा शिपायाला थंडी वाजत असेल म्हणून मी पंखा बंद केला, तर त्याला समोर उभं करून त्यांनी विचारलं. तो म्हणाला, उकडतंय. "बघ परब," ब्रदर म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू आणि दुसऱ्याची गरज, दोन्ही विचारल्याशिवाय हलवायची नाही." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. संस्थेची एक जुनी चाल होती. प्रत्येक शाळेने आपल्या जनरल रजिस्टरची, म्हणजे मुलाचं नाव, आईबापांचं नाव, गाव आणि जन्मतारीख लिहिलेल्या त्या जाडजूड वहीची, दरवर्षी नव्या नावांपुरती हाताने दुसरी प्रत काढायची आणि मुंबईला पाठवायची. लाल फडक्यात बांधलेली ती गाठोडी ऑफिसच्या मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेली होती. मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या अंगात आधुनिकता संचारली. सगळं स्कॅन करायचं, म्हणजे कागद हवेत कशाला? मी स्कॅनर आणवला. डोंगरातल्या शाळांची गाठोडी सोडली. पहिल्या दिवशी दोन पानं स्कॅन केली. त्यातलं एक उलटं आलं आणि दुसऱ्यावर माझा अंगठा आला. मग स्कॅनर बिघडला, मे महिना होता, धुळीने शिंका येत होत्या, आणि लालबागचा रद्दीवाला दारातच उभा होता.

मोठे ब्रदर तेव्हा वसईला गेले होते, छोटे ब्रदर मीटिंगमध्ये होते. मी कोणाला विचारलं नाही. रद्दीच्या पैशांत सगळ्या ऑफिसला बटाटेवडे खायला घातले. परत आल्यावर ब्रदरांनीही खाल्ले आणि म्हणाले, "परब, खोली कशी मोकळी वाटते रे." माझी छाती फुगली ती पुढे आठ-नऊ वर्षं तशीच होती.

मग डोंगरात भूकंप झाला. तिन्ही शाळा पडल्या. सुट्टीचा दिवस होता म्हणून मुलं वाचली, पण गावांत घर म्हणावं असं घर उरलं नाही. ऑफिसात धावपळ सुरू झाली. मदतीचं काम म्हटलं की मला आवरणं कठीण जातं. मी त्याच दुपारी हिंदमाताच्या कापडबाजारात गेलो, ओळखीच्या चार दुकानदारांपुढे असा काही गळा काढला की संध्याकाळपर्यंत टेम्पो भरून कपडे आले. दुसऱ्या दिवशी ब्रदरांनी गठ्ठे उघडले. आत जरीच्या साड्या होत्या, परकर होते आणि लग्नात नवऱ्यामुलाने घालायचे अकरा चकचकीत कोट होते. ब्रदरांनी एक कोट उचलून अंगाशी धरला. तो त्यांना घोट्यापर्यंत आला.

"विचारलंस का?"

"ब्रदर, भूकंप झालाय. त्यात काय विचारायचं?"

"भूकंप झालाय म्हणूनच विचारायचं."

त्यांनी तिथल्या हेडमास्तरांना फोन लावला. रेंज येत होती, जात होती. शेवटी आवाज आला. ब्रदरांनी कागद पुढे ओढला आणि मला दाखवत तीन गोष्टी लिहिल्या. ताडपत्री, खडू, रजिस्टरं. हेडमास्तरांचं म्हणणं असं, की शाळेची रजिस्टरं ढिगाऱ्याखाली भिजून लगदा झाली आणि तालुक्याचं शिक्षण कार्यालयही पडलं. लोकांच्या घरांबरोबर त्यांचे कागदही गेले. नव्या घरासाठी नाव लावायचं, तर माणूस इथलाच आहे आणि इतक्या वयाचा आहे हे दाखवायला बहुतेकांकडे एकच आधार होता, तो म्हणजे शाळेचा दाखला. आणि दाखला द्यायचा तर रजिस्टर हवं.

"काळजी करू नका," ब्रदर फोनवर ओरडून सांगत होते, "सगळ्या प्रती इथे आहेत. आमच्या परबने जपून ठेवल्यात!"

माझ्या पायांखालची जमीन इकडे परळमध्ये हलली.

दोन दिवस मी "शोधतोय, ब्रदर" म्हणून काढले. पहिल्या दिवशी लालबागला रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, एवढ्या वर्षांनी? त्याचा केव्हाच पुठ्ठा झाला असणार. तुमच्या घरच्या मिठाईच्या बॉक्समध्ये बघा." दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "खरं सांगून टाका. खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात, सगळ्या चाळीला माहीत आहे." मी अर्थातच तिचं ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रदरांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "ब्रदर, वाळवी लागली. जुनं सगळं खाल्लं."

मला वाटलं होतं, ते रागावतील. ते रागावले नाहीत. खुर्चीवर बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तू दोन दिवस त्या धुळीत शोधत होतास ना? शिंका येतात तुला. तुझी काय चूक रे? वाळवी कुणाला विचारून येते?"

ते रागावले असते तर मी ती वाळवी आजपर्यंत पाळली असती. पण एवढी माया मला सोसवली नाही. मी सगळं सांगितलं. स्कॅनर, अंगठा, रद्दीवाला. ब्रदर ऐकत होते. त्यांनी हळूच हात सोडवून घेतला आणि चष्मा काढला.

"ते बटाटेवडे?"

"हो, ब्रदर."

"मी दोन खाल्ले होते," ते म्हणाले, आणि उठून चॅपलमध्ये गेले. तो सबंध दिवस ते चॅपलमधून बाहेर पडले नाहीत. जेवायलाही आले नाहीत. मी राजीनामा लिहिला. मग त्यात शुद्धलेखनाच्या चुका राहू नयेत म्हणून तीनदा लिहिला, आणि खिशात ठेवून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला ब्रदर कॅलेंडरपुढे उभे होते. पण पान जानेवारीचं होतं. आदल्या महिन्यांची उलटलेली पानं त्यांनी पुन्हा खाली आणली होती. डोळे सुजलेले होते.

"परब, पेन घे. एक जानेवारी. सुरेश, पाणचक्कीवाल्याचा धाकटा. बापाचं नाव हरिराम. कमला, ती डावखुरी, वरच्या वाडीची. जोसेफ, आमच्या स्वयंपाक्याचा. लिही."

तेव्हा मला कळलं, की रोजचे चार-पाच म्हणजे काय. ब्रदरांनी शिकवलेल्या प्रत्येक मुलाचं नाव ते त्याच्या वाढदिवशी घेत असत. हेडमास्तर झाल्यापासून एकही सकाळ चुकली नव्हती. मी ज्याला नऊ-दहा वर्षं म्हातारचळ समजत होतो, ते ते रजिस्टर होतं. ऑफिसात गाठोड्यांच्या खोलीत एक प्रत होती, आणि दुसरी माझ्या पाठीमागे रोज उभी राहून म्हटली जात होती. मी पहिली विकली आणि दुसरीकडे पाठ करून बसलो.

ब्रदरांना नावं अशीच सुटी आठवत नसत. तारीख डोळ्यांपुढे लागे. म्हणून मी पानं उलटायचो, चौकोनावर बोट ठेवायचो आणि ते सांगायचे. वहीत लिहायच्या आधी मी ती नावं कॅलेंडरच्या चौकोनातच बारीक अक्षरांत लिहून घ्यायचो. मधेच कुठे अडले, की डोळे मिटून वर्गात शिरायचे. "खिडकीजवळ कोण बसायचं?... अरे हां, तोतरी शांता." काही नावं शेवटपर्यंत आलीच नाहीत. तेव्हा ते अगदी कासावीस व्हायचे. "नाव विसरलं की मूल हरवलं, परब," म्हणायचे. अशा वेळी माझ्याकडे बघायचे नाहीत. ते बघत नाहीत हे मला बघितल्यापेक्षा जास्त लागायचं.

आठवड्याभराने आम्ही एक जूनला पोचलो. तो चौकोन पुरला नाही. "इथे पाणी पी आणि बस," ब्रदर म्हणाले. "आई मुलाला घेऊन यायची. कधीचा जन्म म्हटलं, तर म्हणायची, बर्फ वितळलं तेव्हा. मग मी आपला एक जून लिहायचो. आपल्याकडे तसंच लिहायचे ना?" आपल्याकडे तसंच लिहायचे. माझा जन्म कोकणातला, आईच्या म्हणण्याप्रमाणे भाताच्या लावणीत. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून ठोकून दिला. त्यामुळे माझा वाढदिवस घरात कोणी कधी केला नाही. खोट्या तारखेला केक कसला कापायचा.

एक जूनची नावं सांगायला सबंध सकाळ गेली. मी कागदामागून कागद भरत होतो. शेवटी ब्रदर त्याच सुरात म्हणाले, "आणि परब, दत्ताराम. बापाचं नाव सीताराम. गिरणीतले. गाव मालवणजवळ."

माझं पेन थांबलं. "ब्रदर, मी तुमच्या शाळेत नव्हतो."

"ऑफिसच्या फाइलीत तारीख बघितली होती, तू लागलास तेव्हा. तेव्हापासून घेतो." मग चष्मा पुसत म्हणाले, "आज घेणार नव्हतो. फार राग आला होता. पण जीभ वळली. ते लिहू नकोस, ते आपलं इथलं आहे."

मी त्या दिवशी ऑफिसात रडलो. लपवायचा प्रयत्न केला, शिंका आहेत असं सांगितलं, पण कान लाल झाले असणार. राजीनामा खिशातच विरून गेला.

यादी पुरी झाली. तिथल्या सरकारी साहेबांनी कळवलं, की पाठ म्हटलेली यादी चालेल, पण जुन्या हेडमास्तरांनी स्वतः येऊन, माणूस ओळखून, प्रत्येक नावापुढे सही करायला हवी. डॉक्टर नको म्हणाले, छोटे ब्रदर नको म्हणाले. मोठे ब्रदर म्हणाले, "तुम्ही मला विचारलंत का?" आणि बॅग भरायला लागले. टॅक्सीत बसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आशीर्वाद देतात. ते म्हणाले, "ते कोट मी नेतोय. विचारलं मी. थंडी आहे, चालतील म्हणाले."

तिकडे पडक्या शाळेसमोर ताडपत्रीखाली टेबल मांडून ते बसले. त्यांचा फोटो आला. रांगेतली सगळी मुलं आता बाप्ये-बाया झालेली, आणि एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या अंगात हिंदमाताचा चकचकीत कोट. ब्रदर फोनवर ओरडून सांगायचे, "परब, शांता आली होती! आता नाही तोतरी!" विसरलेली नावं आपल्या पायांनी चालत येत होती. परत या म्हटलं, की म्हणायचे, अजून दोन वाड्या राहिल्यात. पुढच्या थंडीत तिथेच, झोपेत गेले. शाळेच्या आवारात त्यांना मूठमाती दिली. मी पोचू शकलो नाही.

आता पावणेनऊला भिंतीपुढे मी उभा असतो. मला काही पाठ नाही, त्या जुन्या कॅलेंडरात बघून वाचतो. क्रूसाची खूण मला येत नाही, मी आपला नमस्कार करतो. सतरा नोव्हेंबरच्या चौकोनात एक नाव माझ्या अक्षरात नंतर लिहिलेलं आहे. ती जन्मतारीख मी मोठ्या ब्रदरांच्या फाइलीतून काढली.

गेल्या महिन्यात ऑफिसात एक नवी मुलगी लागली. हुशार आहे, आल्या आल्या तिने कपाटं आवरायला घेतली. दुपारी भिंतीवरून उतरवलेलं, मळकं, पिवळं पडलेलं, प्रत्येक चौकोनात मुंग्यांसारखी अक्षरं भरलेलं ते कॅलेंडर हातात धरून माझ्या टेबलाशी आली.

"सर, हे जुनं आहे. रद्दीत टाकू का?"

मी खुर्चीतून उठलो. ओरडणारच होतो. मग लक्षात आलं, की तिने विचारलं होतं.

मी ते तिच्या हातातून घेऊन पुन्हा खिळ्याला लावलं, तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं, आणि तिची जन्मतारीख विचारली.