तीळ आणि पत्रक

आईच्या मोर्चांची पत्रकं चघळतच मी वाढले. त्यामुळे करोनात बंद पडलेली त्वचेच्या कॅन्सरची ओपीडी उघडावी म्हणून दिल्लीतल्या एका सरकारी इस्पितळाच्या फाटकावर मी पत्रकं वाटायला उभी राहिले. बाबांच्या पाठीवरचा तीळ वाटाण्याएवढा झाला होता. ते केंद्र सरकारचे नोकर. ओपीडी सुरू झाल्याचं लेखी आल्याशिवाय हलणार नव्हते.

दुपारी गार्ड वैतागला. "मैडम, ओपीडी तो सोमवार से चालू है. आपका परचा पढ़कर मरीज़ लौट रहे हैं!"

धन्य माझी क्रांती! उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी 'ओपीडी चालू आहे' असं हिंदीत खरडलं, ती वाटली आणि एक घरी नेलं.

"लेखी हवं होतं ना, बाबा? घ्या."

त्यांनी ते दोनदा वाचलं. "खाली सही कुठाय?"

मी सही ठोकली. सकाळी ते पाठ दाखवायला निघाले.